सौर सक्रियता आणि वातावरणातील ओझोन : एका वजाबाकीचा इतिहास

प्रस्तावना

ओझोनच्या थराचा इतिहास सामान्यतः १९७४ पासून सांगितला जातो. त्या वर्षी मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन संयुगांमुळे ओझोनला पोहोचणारा धोका दाखवून दिला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट जाहीर झाली, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि पुढे त्या संयुगांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबविण्यात आले. ही मांडणी चुकीची नाही. परंतु तीत एक महत्त्वाचे पात्र वगळले जाते. ते म्हणजे स्वतः सूर्य. ओझोन निर्माण होतो तो सूर्यप्रकाशामुळे, आणि सूर्य काही स्थिर दिवा नव्हे. अकरा वर्षांच्या आवर्तनात त्याची सक्रियता वाढते आणि ओसरते. अशा स्थितीत ओझोनचे प्रमाण घटल्याचे दिसले, तर त्याचे उत्तरदायित्व सूर्याचे की मानवाचे? १९८० च्या दशकात हा प्रश्न केवळ विद्वत्सभेपुरता उरला नव्हता. शीतकरणापासून फवाऱ्याच्या डब्यांपर्यंत पसरलेल्या एका मोठ्या उद्योगाचे भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून होते.

सौर सक्रियता आणि ओझोन यांच्या परस्परसंबंधाचा शोध कसकसा घेतला गेला, याचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. मानवाचा वाटा सिद्ध करण्यापूर्वी सूर्याचा वाटा वजा करणे अपरिहार्य होते आणि या वजाबाकीतील खरी अडचण सिद्धान्तापेक्षा उपकरणांची व नोंदींच्या अपुऱ्या कालावधीची होती, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सौर डागांचा वारसा

डेसाऊ या जर्मन गावातील हाइन्रिख श्वाबे हे व्यवसायाने औषधविक्रेते. १८२६ पासून त्यांनी सूर्यबिंबाचे नित्य निरीक्षण केले आणि १८४४ मध्ये सौर डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या आवर्तनाने कमीजास्त होते, असे प्रसिद्ध केले. रूडोल्फ वोल्फ यांनी जुन्या नोंदी तपासून हा काळ सरासरी अकरा वर्षांचा ठरविला. त्यानंतर जणू पृथ्वीवरील प्रत्येक चढउताराचे मूळ सौर डागांत शोधण्याची लाटच आली. धान्याच्या किमती, चक्रीवादळे, व्यापारातील मंदी असे काहीही त्यातून सुटले नाही. मद्रास इलाख्यातील १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाच्या काळात नॉर्मन लॉकियर आणि विल्यम हंटर यांनी सौर डाग व दुष्काळ यांचा संबंध मांडणारा लेख १८७७ मध्ये लिहिला. सूर्याचा अभ्यास केल्यास मॉन्सूनचे भाकीत करता येईल, ही आशा कोडाईकनालच्या सौर वेधशाळेच्या स्थापनेमागील प्रेरणांपैकी एक होती. १८९९ मध्ये ही वेधशाळा उभी राहिली. पुढे भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी सौर डाग आणि पर्जन्य यांचे सहसंबंध काटेकोर गणिताने तपासले, तेव्हा त्या आशेला फारसा आधार मिळाला नाही.

हा पूर्वेतिहास सांगण्याचे कारण असे की, ओझोन आणि सूर्य यांचा प्रश्न पुढे आला, तोपर्यंत सौर डागांशी जोडलेल्या कोणत्याही सहसंबंधाकडे हवामानशास्त्रज्ञ संशयाने पाहू लागले होते. तो संशय योग्यच होता. दोन वक्र काही काळ बरोबरीने चालले म्हणजे त्यांच्यात कार्यकारणभाव असतोच असे नाही, हा धडा त्यांनी मोठी किंमत देऊन घेतला होता. मात्र त्याच संशयामुळे एक खराखुरा संबंध मान्य व्हायलाही विलंब लागला.

बाझेल येथे क्रिस्तिआन शेनबाइन यांनी १८३९-४० मध्ये ओझोन ओळखला. सूर्याचा वर्णपट अतिनील बाजूला अचानक तुटतो, याचे कारण वातावरणातील ओझोन असावा, असे वॉल्टर हार्टली यांनी १८८१ मध्ये दाखविले. १९२० मध्ये मार्सेय येथे शार्ल फाब्री आणि आंरी ब्यूसाँ यांनी त्याचे प्रमाणही मोजले. हवेच्या उभ्या स्तंभातील सर्व ओझोन भूपृष्ठाच्या दाबाला व शून्य अंश तापमानाला आणला, तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा होईल. ऑक्सफर्डचे गॉर्डन डॉबसन यांनी १९२४ पासून आपल्या वर्णपटलेखकाने नियमित वेध घेण्यास प्रारंभ केला आणि १९२६ पासून युरोपात अनेक ठिकाणी त्यांची उपकरणे बसविण्यात आली. स्वित्झर्लंडमधील आरोझा येथील सलग नोंदींचा प्रारंभही त्याच वर्षीचा. १९२८-२९ मध्ये ही उपकरणे जगभर पांगविण्यात आली. त्यांपैकी एक इजिप्तमधील हेलवान येथे, एक कॅलिफोर्नियात, एक न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे आणि एक आपल्या कोडाईकनाल येथे आले. ज्या टेकडीवर विसाव्या शतकाच्या आरंभापासून सूर्याची छायाचित्रे रोज घेतली जात होती, तेथेच आता त्याच सूर्याच्या प्रकाशाने माथ्यावरील ओझोन मोजला जाऊ लागला. प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच आवारात आल्या होत्या. पण त्यांची सांगड घालण्यास लागणारा काळ मात्र कोणाच्याच हाती नव्हता.

चॅपमन यांची मांडणी

१९३० मध्ये सिडनी चॅपमन यांनी ओझोनच्या निर्मितीचा प्रकाशरासायनिक सिद्धान्त मांडला. सुमारे २४२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण ऑक्सिजनच्या रेणूचे विभाजन करतात. सुटा झालेला अणू दुसऱ्या रेणूस मिळून ओझोन बनतो. उलट, त्याहून अधिक लांबीचे, साधारणतः ३२० नॅनोमीटरपर्यंतचे किरण ओझोनचेच विघटन करतात. म्हणजे सूर्य हा ओझोनचा कर्ता आणि हर्ताही आहे. यातूनच पुढील सर्व गुंता उद्भवला. सूर्य अधिक सक्रिय झाला तर ओझोन वाढेल की घटेल, हे केवळ समीकरणे पाहून सांगता येत नाही. वर्णपटाचा कोणता भाग किती प्रमाणात बदलतो, हे मोजावे लागते. आणि जे किरण मोजायचे ते तर ओझोन व ऑक्सिजन वरच्या वर अडवून धरतात. जमिनीवर बसून या प्रश्नाचे उत्तर मिळणे तत्त्वतःच अशक्य होते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने वापरलेली व्ही-२ अग्निबाणे अमेरिकेच्या हाती आली. १० ऑक्टोबर १९४६ रोजी अशाच एका बाणावरून रिचर्ड टौसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओझोनच्या थरावर जाऊन सूर्याच्या अतिनील वर्णपटाची पहिली छायाचित्रे घेतली. पण एका उड्डाणातून मिळते ते एका क्षणाचे चित्र. अकरा वर्षांचा बदल मोजायचा तर कृत्रिम उपग्रहांपर्यंत थांबणे भाग होते. आज आपणांस माहीत आहे की, सौर चक्राच्या किमान व कमाल अवस्थांमध्ये सूर्याच्या एकूण प्रारणात केवळ ०.१ टक्क्याचा फरक पडतो. परंतु २०० नॅनोमीटरच्या आसपास हाच फरक कित्येक टक्क्यांचा असतो. तरंगलांबी जितकी कमी तितका बदल मोठा. म्हणून ओझोन निर्माण करणाऱ्या किरणांत होणारी वाढ ही त्याचे विघटन करणाऱ्या किरणांतील वाढीपेक्षा अधिक ठरते. सूर्य सक्रिय असताना ओझोन किंचित वाढतो, तो या कारणाने. एकूण ओझोनमध्ये हा फरक सुमारे दोन ते तीन टक्के, म्हणजे सहा ते नऊ डॉबसन एककांच्या आसपास असतो. आरोझासारख्या मध्य अक्षांशांवरील ठिकाणी एका ऋतूत, कधी काही दिवसांतच, याच्या कितीतरी पट चढउतार होतात. एवढ्या गोंगाटातून हा बारीकसा स्वर ऐकायचा होता.

परस्परविरोधी निष्कर्ष

तो ऐकण्याचे पहिले प्रयत्न फसावेत यात नवल नाही. १९६२ मध्ये अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ हर्ड विलेट यांनी सौर डाग वाढले की ओझोन कमी होतो, असा व्यस्त संबंध मांडला. पुढच्याच वर्षी ज्युलियस लंडन आणि बर्नहार्ड हाउरविट्झ यांनी या निष्कर्षास आव्हान दिले. वेधस्थाने जगभर असमान विखुरलेली होती आणि नोंदी एक-दोन सौर चक्रांच्याच होत्या. पुढील दशकात काहींना सरळ संबंध आढळला, काहींना काही वर्षे मागे पडणारा, तर काहींना कोणताच नाही. एका आवर्तनावरून आवर्तनाचा नियम काढण्याचा हा उद्योग होता; त्यातून वाद निघतो, नियम निघत नाही.

याच काळात भारतातून एक महत्त्वाची भर पडली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक कल्पती रामनाथन यांनी १९६३ मध्ये उष्ण कटिबंधावरील ओझोनमध्ये सुमारे दोन वर्षांचे आंदोलन असल्याचे दाखविले. विषुववृत्तावरील स्थितांबरात वारे सरासरी अठ्ठावीस महिन्यांत पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि पुन्हा उलट दिशेने पालटतात, त्याचा हा पडसाद होय. सूर्याचा वाटा शोधताना हे आंदोलनही आधी वजा करावे लागते, हे त्यातून स्पष्ट झाले. पुणे येथे हवामान खात्याच्या उपकरण विभागात ॲना मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात फुग्यासोबत वर जाऊन ओझोन मोजणारे भारतीय बनावटीचे उपकरण सिद्ध केले. उष्ण कटिबंधात ऋतुमानानुसार होणारे बदल लहान असतात. त्यामुळे सूर्याचा क्षीण ठसा ओळखण्यास या प्रदेशातील नोंदी मोलाच्या आहेत, ही गोष्ट पाश्चात्त्य इतिहासलेखनात पुरेशी नोंदली गेलेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सूर्य केवळ प्रकाशच पाठवीत नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये सूर्यावर प्रचंड उद्रेक झाले आणि प्रोटॉनांचा लोंढा ध्रुवीय वातावरणात शिरला. असे कण हवेतील नायट्रोजनचे रेणू फोडतात व त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ही ऑक्साइडे उत्प्रेरक म्हणून ओझोनचा नाश करतात, हे पॉल क्रुट्झन यांनी १९७० मध्ये दाखविलेच होते. प्रोटॉनांच्या अशा माऱ्याने ओझोन घटला पाहिजे, हे भाकीत क्रुट्झन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वर्तविले आणि डोनाल्ड हीथ, आर्लिन क्रूगर व क्रुट्झन यांनी निंबस-४ उपग्रहाच्या १९७२ मधील नोंदी तपासून १९७७ मध्ये त्याला पुष्टी दिली. ध्रुवीय प्रदेशावरील वरच्या स्थितांबरात ओझोन खरोखरच घटला होता आणि ती घट काही आठवडे टिकली होती. निसर्गाने परस्पर करून दाखविलेला हा प्रयोग उत्प्रेरकी विनाशाच्या सिद्धान्तासाठी निर्णायक ठरला. पण त्यानेच पुढच्या एका मोठ्या गैरसमजाचे बीजही पेरले.

सूर्य की मानव : १९८५ ते १९८८

मे १९८५ मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन यांनी अंटार्क्टिकावरील हॅली बे येथील नोंदी प्रसिद्ध केल्या. ऑक्टोबर महिन्यातील सरासरी ओझोन पूर्वी सुमारे ३०० डॉबसन एकके असे. तो १९८४ पर्यंत २०० च्या आसपास येऊन ठेपला होता. त्यांनी क्लोरीनकडे बोट दाखविले, तरी त्या वेळी ज्ञात असलेल्या रसायनशास्त्राने एवढी घट स्पष्ट होत नव्हती. या पोकळीत तीन स्पर्धक उपपत्ती उभ्या राहिल्या. पहिली क्लोरीनची, दुसरी वातावरणाच्या अभिसरणातील बदलाची आणि तिसरी सूर्याची.

तिसरी उपपत्ती १९८६ मध्ये नासाच्या लँग्ली केंद्रातील लिनवुड कॅलिस आणि मुरली नटराजन यांनी मांडली. १९७९-८० च्या सुमारास सौर चक्र कमाल अवस्थेत होते. त्या काळात वरच्या वातावरणात नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक निर्माण झाली, ध्रुवीय हिवाळ्याच्या दीर्घ रात्रीत ती खाली उतरली आणि वसंतात सूर्य उगवताच त्यांनी ओझोन नष्ट केला, असा त्यांचा युक्तिवाद होता. ही उपपत्ती आज कालबाह्य झाली म्हणून तिला हास्यास्पद ठरविणे अन्यायाचे होईल. १९७२ च्या अनुभवाने तिला आधार दिला होता आणि खाली उतरणाऱ्या ऑक्साइडांची प्रक्रिया खरीच आहे. शिवाय ती कसोटीला लावता येण्याजोगी होती, हा तिचा मोठा गुण. ती खरी असती, तर ओझोन घटलेल्या भागात नायट्रोजन डायऑक्साइड मुबलक आढळला असता, आणि सूर्य शांत होत जाताच ओझोन आपोआप सावरला असता. या दुसऱ्या निष्कर्षाचे व्यावहारिक मोल उघड आहे. विवर जर सूर्याने पाडले असेल, तर कारखान्यांवर बंधने घालण्याचे कारणच उरत नव्हते.

ऑगस्ट १९८६ मध्ये सुझन सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी अंटार्क्टिकावरील मॅकमर्डो तळावर पोहोचली. तिला नायट्रोजन डायऑक्साइड अत्यंत कमी आणि क्लोरीन डायऑक्साइड अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आढळला. सौर उपपत्तीच्या भाकिताच्या हे नेमके उलट होते. पुढील वर्षी चिलीतील पुंता आरेनास येथून उडणाऱ्या विमानांनी थेट विवरात शिरून मोजमापे घेतली. जेम्स अँडरसन यांच्या उपकरणाने १६ सप्टेंबर १९८७ च्या उड्डाणात नोंदविले की, जेथे क्लोरीन मोनॉक्साइड एकाएकी वाढतो तेथेच ओझोन कोसळतो. योगायोग असा की, त्याच दिवशी माँट्रियल येथे करारावर स्वाक्षऱ्या होत होत्या. खरे पाहता, मॅकमर्डोला न जाताही जुन्या नोंदींतून एक साधा आक्षेप घेता आला असता. हॅली बे येथील वेध १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षापासूनचे आहेत, आणि नोंदींच्या इतिहासातील सर्वांत प्रबळ सौर कमाल अवस्था नेमकी त्याच वेळची होती. तेव्हा विवर पडले नव्हते.

अंटार्क्टिकाचा प्रश्न असा सुटला, तरी उर्वरित जगाचा सुटला नव्हता. तेथील घट काही टक्क्यांचीच होती, म्हणजे सूर्याच्या वाट्याएवढीच. निंबस-७ उपग्रहाने ऑक्टोबर १९७८ पासून वेध घेण्यास आरंभ केला तो सौर कमाल अवस्थेच्या उंबरठ्यावर, आणि १९८६ मध्ये सूर्य किमान अवस्थेत पोहोचला. या काळात ओझोन काही अंशी सूर्यामुळेच घटणार होता. त्यात उपकरणाच्या दोषाची भर पडली. पृथ्वीकडून परतणाऱ्या प्रकाशाची तुलना सूर्यप्रकाशाशी करण्यासाठी त्यात एक विसरक पट्टिका होती. ही पट्टिका सूर्याच्याच अतिनील किरणांनी वर्षागणिक काळवंडत गेली. परिणामी उपग्रहाच्या नोंदींत ओझोनची घट वास्तवापेक्षा बरीच मोठी दिसू लागली. सूर्याचा परिणाम मोजणाऱ्या उपकरणाला सूर्यानेच म्हातारे करावे, ही या इतिहासातील वारंवार भेटणारी विडंबना आहे.

रॉबर्ट वॉटसन यांच्या अध्यक्षतेखालील शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या ओझोन प्रवृत्ती मंडळाने हा गुंता सोडविला. मंडळाने उपग्रहाच्या नोंदींवर विसंबून न राहता जमिनीवरील डॉबसन उपकरणांच्या नोंदी एकेका केंद्राच्या इतिहासासह पुन्हा तपासल्या आणि उपग्रहाचे आकडे त्यांच्या आधारे दुरुस्त केले. ऋतुमान, दोन वर्षांचे आंदोलन आणि सौर चक्र यांचे वाटे संख्याशास्त्रीय पद्धतीने वेगळे काढल्यावर मार्च १९८८ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा होता : उत्तर गोलार्धात ३० ते ६४ अक्षांशांदरम्यान १९६९ ते १९८६ या काळात ओझोन १.७ ते ३ टक्क्यांनी घटला आहे, आणि ही घट सूर्याच्या नावावर टाकता येत नाही. आकडा लहान होता. परंतु त्यातून सूर्य वजा झालेला होता, हेच त्याचे सामर्थ्य. त्याच महिन्यात क्लोरोफ्लुरोकार्बनची सर्वांत मोठी उत्पादक असलेल्या ड्यू पाँ कंपनीने उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. डॉबसन यांच्या १९२० च्या दशकातील रचनेचा वारसा सांगणाऱ्या उपकरणांनी अवकाशयुगातील उपग्रहाची चूक दुरुस्त केली, ही गोष्ट दीर्घकालीन नोंदींना अनुदान नाकारणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

नंतरची वाटचाल

१९८८ नंतरही वजाबाकी संपली नाही. बर्लिनच्या कारिन लाबिट्झके यांनी १९८७ मध्ये दाखविले की, उत्तर ध्रुवावरील हिवाळी स्थितांबराचा सूर्याशी संबंध विषुववृत्तीय वाऱ्यांच्या दिशेनुसार निरनिराळा दिसतो. सर्व वर्षे एकत्र घेतल्यास तो दिसेनासा होतो. रामनाथन यांनी नोंदविलेल्या आंदोलनाचे महत्त्व अशा रीतीने नव्याने पटले. एल चिचॉन (१९८२) आणि पिनाटुबो (जून १९९१) या ज्वालामुखींचे उद्रेक सौर कमाल अवस्थेनंतर लवकरच झाल्यामुळे खालच्या स्थितांबरातील सूर्याचा वाटा आणि ज्वालामुखीय धूलिकणांचा वाटा एकमेकांत मिसळून गेले. २०१० मध्ये जोॲना हे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोर्स उपग्रहाच्या २००४ ते २००७ मधील नोंदींवरून अतिनील किरणांतील घट पूर्वीच्या अंदाजाच्या चार ते सहा पट असल्याचे मांडले. तसे असेल, तर सुमारे ४५ किलोमीटर उंचीच्या वर सूर्य शांत होत असता ओझोन वाढला पाहिजे, असा अनपेक्षित निष्कर्ष निघत होता. पुढील तपासात या मोठ्या फरकाचा बराचसा भाग उपकरणाच्या झिजेकडे जात असल्याचे दिसू लागले. निंबस-७ च्या पट्टिकेची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

आता प्रश्न घटीचा नसून सावरण्याचा आहे. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांच्या २०२२ च्या मूल्यमापनानुसार ध्रुवीय प्रदेश वगळता उर्वरित जगाचा एकूण ओझोन १९९६ पासून दर दशकास सुमारे ०.३ टक्के या गतीने वाढत आहे, आणि अंटार्क्टिकावरील ओझोन १९८० च्या पातळीस २०६६ च्या सुमारास पोहोचेल असा अंदाज आहे. एका सौर चक्रातील चढउतार मात्र या दशकी वाढीच्या कित्येक पट असतो. २००८-०९ मधील किमान अवस्था असाधारण दीर्घ ठरली, २०१४ ची कमाल अवस्था दुर्बल होती, डिसेंबर २०१९ मध्ये सूर्य पुन्हा तळाला गेला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पंचविसाव्या चक्राच्या कमाल अवस्थेत पोहोचल्याचे जाहीर झाले. त्यामुळे २०१९ ते २०२४ या वर्षांतील ओझोनच्या वाढीचा कोणताही आकडा माँट्रियल कराराच्या खात्यावर जमा करण्यापूर्वी त्यातून सूर्याचा हिस्सा काढावा लागेल. सूर्य उताराला लागेल, तेव्हा उलट दिशेनेही हेच करावे लागेल.